उन्हवऱ्याचं ऊन पाणी आणि पन्हाळेकाजीचा मठ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्वित्झर्लंडमधल्या फेफर्स गावावरचा लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. डोंगरावर आठव्या शतकात बेनेडिक्टाइन साधूंनी स्थापलेला मठ, आणि खाली तामिना नदीच्या घळीत गरम पाण्याचा झरा. घळ इतकी अरुंद आणि खोल, की सुरुवातीच्या काळात आजाऱ्यांना दोरांनी खाली सोडत. खाली गेलेला माणूस मग दिवसच्या दिवस पाण्यातच बसे, तिथेच खाई, तिथेच डुलकी काढी. १५३५ साली पॅरासेल्सस हा वैद्य तिथे राहिला आणि त्या पाण्यावर त्याने लिहिलं. तीनशे वर्षांनी, १८३८ मध्ये मठ बंद झाला. पुढे दोन वर्षांत पाणी नळाने खालच्या रागात्स गावी नेलं गेलं. मठाच्या इमारतीत आज मानसिक आजारांचं रुग्णालय आहे. वाचून फार बरं वाटलं. साधू गेले तरी त्या भिंतींच्या आत दुखणाईत माणसाची सेवा चालूच राहिली.

पण लेखाच्या शेवटी लेखकांनी हळहळ व्यक्त केली आहे, की असा मठ आणि असा झरा जवळजवळ असलेलं ठिकाण आपल्याकडे नाही. तेवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. असं ठिकाण आपल्याकडे आहे, दापोली तालुक्यात: उन्हवऱ्याचं ऊन, म्हणजे गरम, पाणी आणि जवळच पन्हाळेकाजीची लेणी. मी तिथे शेकडो वेळा गेलो आहे, आणि प्रत्येक वेळी गाडी भरून माणसं घेऊन गेलो आहे.

मी एस.टी.चा निवृत्त वाहक. २९ वर्षं नोकरी केली, त्यातली १७ दापोली-खेड पट्ट्यात गेली. उन्हवऱ्याची वस्तीची गाडी माझ्याकडे बरीच वर्षं होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वस्तीची गाडी म्हणजे जी रात्री शेवटच्या गावात मुक्काम करते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. दापोली-खेड रस्त्यावर वाकवलीला वळलं की रस्ता आत शिरतो. काजू, आंबा, मधेच भाताचे तुकडे, उतरण, वळणं. रात्री गाडी लागली की चालक पुढच्या बाकावर आणि मी मागच्या लांब बाकावर. रोकड पिशवीत घालून कमरेला बांधलेली, तिकिटांचा ट्रे उशाला. तेव्हा तिकिटं कागदाची असायची. दिवसभर चिमट्याने भोकं पाडून अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडायचा आणि बोटांना तिकिटांची शाई लागलेली असायची.

पहाटे साडेचारला आम्ही दोघे टॉवेल घेऊन कुंडावर जायचो. पौषातली थंडी, सगळीकडे काळोख, आणि कुंड दिसायच्या आधी त्याची वाफ दिसायची. उकडलेल्या अंड्यासारखा हलका वास यायचा. जिथून पाणी उगवतं तिथे हात घालायची सोय नाही. तापमान सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे चहाचा कप तोंडाला लावताना आपण फुंकर घालतो तितकं. ते पाणी पुढे टाक्यात येऊन जरा निवतं, तिथे आंघोळ. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. पहिला तांब्या खांद्यावर ओतला की आदल्या दिवशीच्या बाराशे घंटा आणि खड्ड्यांचे धक्के अंगातून उतरून जात. मग साडेपाचला डबल बेल.

या पाण्याने संधिवात बरा होतो असं मी म्हणणार नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. दिवाळीनंतर भात झोडून झालं की गाडीला बायकांची गर्दी वाढायची. या भातलावणीच्या बायका. आषाढ-श्रावणात दीड-दोन महिने गुडघाभर चिखलात वाकून उभ्या राहिलेल्या. त्यांच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, एक सुकं लुगडं आणि उंडेलाची बाटली. उंडेल म्हणजे उंडीच्या बियांचं तेल, आमच्याकडे सांध्यांना हेच चोळतात. कुंडावर दोन-तीन दिवस राहायचं, सकाळ-संध्याकाळ ऊन पाणी घ्यायचं, तेल लावायचं, परतीची गाडी पकडायची.

अशीच एक म्हातारी दर वर्षी यायची. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबायची. मी वरून हात द्यायचा, खालून कुणीतरी टेकू द्यायचा, तेव्हा ती आत. मला म्हणायची, "बाबा, आज चढताना बघितलंस ना माझे गुडघे? आता परवा परतीला चढेन तेव्हा बघ." परतीच्या दिवशी मी मुद्दाम हात पुढे करत नसे. ती दांडी धरून, एक एक पाय ओढत का होईना, आपली आपण वर यायची आणि माझ्याकडे बघायची. तिचं अर्धं तिकीट फाडताना मला जे वाटायचं ते नोकरीत फार थोड्या वेळा वाटलं. चार-पाच वर्षांनी ती यायची थांबली. मी कुणाला विचारलं नाही.

आता या पाण्याबद्दल थोडं. कोकणात असे झरे एकटेदुकटे नाहीत. पालघरकडच्या कोकनेरपासून खाली राजापूरपर्यंत, किनाऱ्याला समांतर अशा जवळपास ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात अठराएक ठिकाणी ऊन पाणी वर येतं. अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, आमचं उन्हवरे, हमरस्त्यालगतची अरवली, संगमेश्वराकडची तुरळ आणि राजवाडी, राजापूरचं उन्हाळे. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे ही नावंच बघा. गावाच्या नावातच ऊन आहे. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना गावाची पहिली ओळख पाण्याची वाटली.

खाली ज्वालामुखी धुमसतोय म्हणून पाणी तापतं, असं मलाही पूर्वी वाटायचं आणि प्रवाशांना मी तसं सांगितलंही आहे. ते चूक होतं. कोकणातला कातळ जुन्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. त्याला उभ्या भेगा आहेत. आमच्या दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला काही या भेगांमधून खोल खोल जातो. जमिनीत जितकं खोल जावं तितकी उष्णता वाढत जाते. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून पुन्हा वर येतं, येताना कातळातले क्षार आणि गंधक घेऊन येतं. म्हणजे कुंडातलं पाणी हा आपलाच पाऊस आहे, फार जुना आणि फार लांबून फिरून आलेला. हे कळल्यापासून मला त्या पाण्याचं जास्तच अप्रूप वाटायला लागलं. एक सांगून ठेवतो, तिथे जाताना चांदी अंगावर ठेवू नये. माझ्या पत्नीची जोडवी एका आंघोळीत काळी पडली, रांगोळीने घासून दोन दिवसांनी उजळली.

झऱ्याचं झालं. आता मठ.

उन्हवऱ्याहून फार लांब नाही, त्याच बाजूच्या डोंगरात, कोटजाई आणि धाकटी या नद्यांच्या खोऱ्यात पन्हाळेकाजी गाव आहे. गावाखाली नदीकाठी कातळात कोरलेली २९ लेणी आहेत. अजिंठा-वेरूळसारखी भव्य नाहीत. रंग नाहीत, उंच खांबांच्या रांगा नाहीत. पण इथे जे आहे ते मला दुसरीकडे कुठे एका जागी दिसलेलं नाही. इथे हजार वर्षांहून जास्त काळ साधक राहत आले, आणि एक पंथ गेला की दुसऱ्याने तीच खोली वापरायला घेतली. आधी हीनयान बौद्ध भिक्षू. मग दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराला वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाचे साधक, त्यांनी हातात खड्ग घेतलेल्या महाचंडरोषण या आपल्या देवतेची मूर्ती कोरली. मग शैव, गणपतीचे उपासक गाणपत्य. एकोणिसाव्या लेण्यात शिवलिंग आहे आणि मान वर केली की छतावर रामायणातले, कृष्णकथेतले प्रसंग बारीक कोरलेले दिसतात. शेवटी नाथपंथी. बागवाडीकडे थोडं बाजूला एकोणतिसावं लेणं आहे, त्याला गौर लेणं म्हणतात. त्यात चौऱ्याऐंशी सिद्ध, म्हणजे सिद्धी मिळवलेले योगी, कोरले आहेत.

मी माळकरी आहे. आमच्या भजनात आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव ही परंपरा लहानपणापासून तोंडी आहे. पण ती मंडळी माझ्या मनात कुठेतरी घाटावर, त्र्यंबकला, आळंदीला होती. गौर लेण्यात मी पहिल्यांदा गेलो तो सुट्टीच्या दिवशी, एकटाच. हातात बॅटरी होती. भिंतीवर ओळीने बसलेले एवढे एवढे सिद्ध, वितीच्या आतबाहेरचे, कुणाचं नाक झिजलेलं, कुणाचा हात गेलेला. त्यांच्यातून बॅटरीचा झोत फिरवत गेलो आणि गुरुपरंपरेतली नावं या कातळापर्यंत येऊन पोचली आहेत हे तिथे उभं राहून कळलं. माझ्या आजोबांच्या भाताच्या खाचरापासून ही जागा चालत दीड दिवसावर, आणि आमच्या घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं. मी खाली बसलो आणि जितका हरिपाठ पाठ होता तितका म्हटला.

ही लेणी पुष्कळ काळ नदीच्या गाळात बुडालेली होती. दाभोळचे अण्णा शिरगावकर यांनी गावोगाव फिरून जुने ताम्रपट, नाणी, शिलालेख गोळा केले, त्यांच्या धडपडीमुळे पन्हाळेकाजीकडे जाणकारांचं लक्ष गेलं. इथल्या ताम्रपटावरून ११३९ साली या जागेला प्रणालक म्हणत आणि शिलाहार घराण्यातल्या अपरादित्य राजाचा मुलगा विक्रमादित्य याच्या कारभाराचं हे ठाणं होतं, हे समजलं. पुढे म. न. देशपांडे, जे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते, त्यांनी या लेण्यांचा सगळा अभ्यास केला आणि १९८६ साली तो छापून आला. गाळ उपसून लेणी मोकळी केली गेली. अण्णांसारखी माणसं आमच्या गाडीतून फिरणाऱ्यांपैकी, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं.

मठ आणि झरा शेजारी का, हा प्रश्न मला वेळापत्रकाच्या तक्त्याने सोडवून दिला. नोकरीत रस्ते पाठ होतात तसे नद्याही पाठ होतात, कारण कोकणात रस्ता नदीचंच बोट धरून डोंगरात शिरतो. दाभोळ हे जुनं मोठं बंदर. तिथे उतरलेला माल वाशिष्ठीच्या खाडीतून आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठाकाठाने घाटाकडे जायचा. व्यापारी आणि बैलांचे तांडे ज्या वाटेने जात त्याच वाटेवर भिक्षूंचे विहार, कारण दान देणारे हात तिथूनच जात. आणि ऊन पाण्याच्या भेगाही बहुधा नदीच्या खोऱ्यातच उघड्या पडतात. म्हणून दोघांची गाठ पडते. ही एकट्या दापोलीची गोष्ट नाही. महाडला सवचे झरे आणि गांधारपाल्याची लेणी बघा. सुधागडात उन्हेऱ्याचं कुंड, आणि त्याच तालुक्यात ठाणाळे, खडसांबळ्याची लेणी. नकाशा पुढ्यात घ्या आणि एका रंगाने झरे, दुसऱ्या रंगाने लेणी लावा. मी एका जुन्या आगाराच्या नकाशाच्या पाठकोऱ्या प्रतीवर हे करून पाहिलं आहे.

इतकं असून उन्हवऱ्याला आलेल्या माणसाला पन्हाळेकाजी माहीत नसतं आणि लेणी बघायला गाडी करून आलेल्या पुण्या-मुंबईच्या माणसाला ऊन पाणी माहीत नसतं. कुंडावर म्हातारी माणसं, लेण्यात कॅमेरे. माझी मुख्य तक्रार ही आहे, आणि ती कुणा एकावर नाही. ती आपल्या सगळ्यांच्या सवयीवर आहे. औषधपाण्याची जागा वेगळी, देवाची वेगळी, इतिहासाची वेगळी, असं आपण मनात कप्पे पाडून ठेवले आहेत. फेफर्सच्या साधूंनी तसे पाडले नव्हते. झरा मठाच्या मालकीचा होता, आजारी माणूस मठाचा पाहुणा होता.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची आहे आणि ती माझ्या घरात घडलेली आहे. २०११ सालच्या माघात मी आईला ऊन पाण्याच्या एका झऱ्यावर घेऊन गेलो. उन्हवऱ्याला नव्हे, दुसऱ्या ठिकाणी. नाव घेत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत आणि चूक एका ठेकेदाराची होती. आई तेव्हा ७४ वर्षांची. त्या कुंडाला पूर्वी काळ्या दगडाच्या ओबडधोबड पायऱ्या होत्या. आई तरुणपणी तिथे येऊन गेलेली, तिला त्या आठवत होत्या. कुठल्याशा सुशोभीकरणात त्या पायऱ्यांवर न्हाणीघरात लावतात तशा पांढऱ्या गुळगुळीत लाद्या बसवल्या होत्या. धरायला कठडा नाही. कुणीतरी साबण लावून आंघोळ करून गेलेलं. आईने दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि ती घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तिला चादरीत घालून चौघांनी रस्त्यापर्यंत आणलं. वाटेत ती मला म्हणत होती, "पाण्याला दोष देऊ नकोस." चालायला लागली ती सहा महिन्यांनी, वॉकर घेऊन. पुढे चार वर्षं जगली, पण ऊन पाण्यात परत उतरली नाही. थंडीत मी घरी बंबात पाणी तापवून तिच्या पायांवर ओतायचो. ती डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, हे ते नव्हे.

त्यामुळे कोकणात कुठल्याही झऱ्याला आता निधी आला अशी बातमी वाचली की मला आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो. पैसा आला की पहिल्यांदा लाद्या येतात, मग रंगीत दिवे, मग प्रवेशद्वाराची कमान. ज्यांच्या गुडघ्यांसाठी तो झरा आहे त्यांना यातलं काहीच नको असतं. त्यांना खरबरीत दगडाची, कमी उंचीची पायरी हवी असते. दोन्ही बाजूंना हाताला लागेल असा लोखंडी कठडा हवा असतो. बायकांना कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली हवी असते. पाण्यातून निघाल्यावर बसायला एक बाक हवा असतो, कारण ऊन पाण्यातून एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी किती वेळ बसावं, हे तिथे मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं. साबण नको हे लिहिलेलं हवं. आणि त्या त्या टाक्यातलं पाणी किती अंश आहे ते रोज सकाळी फळ्यावर खडूने लिहायला कितीसा खर्च येतो?

पाण्याची तपासणी हा भाग लोक मनावर घेत नाहीत. माझ्या भाच्याने मला इंग्लंडातल्या बाथ शहराची माहिती वाचून दाखवली. तिथेही रोमन काळापासूनचं गरम पाण्याचं कुंड आणि त्याला लागूनच मोठा जुना मठ. १९७८ साली तिथल्या पाण्यात पोहलेली एक मुलगी अमीबाच्या संसर्गाने दगावली. नाकातून मेंदूपर्यंत जाणारा जंतू, कोमट साचलेल्या पाण्यात वाढणारा. तिथे पाण्यात उतरणं बंद केलं गेलं आणि पुन्हा लोकांना त्या पाण्यात नीट न्हाता येईल अशी जागा उघडायला २००६ साल उजाडलं. एवढी वर्षं थांबले, पण झरा सोडून दिला नाही. आपल्याकडे निदान टाकी रोज रिकामी करून घासणं, पाणी वाहतं ठेवणं आणि ठरावीक मुदतीने नमुना प्रयोगशाळेत पाठवणं एवढं तरी व्हावं. तोवर मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो, ऊन पाणी खांद्यापर्यंत घ्या, डोकं बुडवू नका, पोरांना नाकात पाणी जाऊ देऊ नका.

झऱ्याच्या तोंडाशी मात्र कुणी हात लावू नये अशी हात जोडून विनंती आहे. तिथे सिमेंट ओतून भेग बंद केली तर पाणी दुसरी वाट शोधतं, ती वाट कुंडात येईलच असं नाही. जवळपास विंधन विहिरी मारायच्या आधी भूजलाची माणसं आणून बघावं. शेकडो वर्षं आपण होऊन वर येणारं पाणी आपल्या एका मोसमाच्या कामात हरवलं तर ते परत आणायला कुठलीच योजना नाही.

राजापूरची गंगा आली की आपल्याच वर्तमानपत्रात फोटो येतो, चौदा कुंडांची नावं येतात, माणसं रांगा लावतात. येऊ दे, मीही गेलो आहे. गंगा काही वर्षांनी येते, म्हणून तिची बातमी होते. उन्हवऱ्याचं पाणी रोज येतं, म्हणून त्याची बातमी होत नाही. आपण आपल्या वार्ताहरांना एकदा पौषात पहाटे तिथे पाठवावं.

आणि एक सूचना, जी २९ वर्षांच्या अनुभवातून करतो. दापोलीहून सकाळी सातला एक गाडी सुटावी. नऊच्या आत उन्हवऱ्याला पोचावी, दोन तास कुंडावर थांबावी. मग तीच गाडी पन्हाळेकाजीला जावी, लेण्यांपाशी दुपारचे अडीच-तीन तास द्यावेत, आणि अंधाराच्या आत दापोलीला परत यावी. आठवड्यातून शनिवार-रविवार पुरे. पावसाळ्यात बंद ठेवावी, कोटजाईला पाणी आलं की लेण्यांकडे जाणं बरं नाही. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत गाडी रिकामी जाणार नाही, हे मी लिहून देतो. म्हाताऱ्यांना कुंडावर आणणारी नातवंडं लेणी बघतील, आणि लेणी बघायला आलेली माणसं पाय मोकळे करतील. पन्हाळेकाजीतल्या दोन-चार मुलामुलींना लेण्यांची नीट माहिती शिकवली तर त्यांना गावातच काम मिळेल. आज आलेला पाहुणा गौर लेण्यापर्यंत जातच नाही, कारण ते बाजूला आहे हे सांगायला कुणी नसतं. चौऱ्याऐंशी सिद्धांच्या दारातून माणसं माघारी फिरतात.

उन्हवऱ्यात पन्हाळेकाजीचा एक फलक लावावा, पन्हाळेकाजीत उन्हवऱ्याचा. बाणाची खूण आणि अंतर, बस्स.

हे पत्र योग्य त्या लोकांच्या नजरेस पडावं म्हणून शक्य तर पूर्ण छापावं. जागा कमी असेल तर माझ्या नोकरीच्या आठवणी गाळा, आईचं ठेवा. आणि ती गाडी खरोखर सुरू झाली तर पहिल्या दिवशी वाहकाच्या शेजारच्या जागेवर बसून कुठे थांबायचं, कुठे म्हाताऱ्यांना हात द्यायचा, हे सांगायला मी येईन. तिकीट काढून येईन.

आपला,
एक निवृत्त एस.टी. वाहक
ता. दापोली, जि. रत्नागिरी